विचारलं तेवढंच

पाईकराव सिस्टरांनी कुणाच्या घरी फॉर्मवर सही व्हायच्या आधी चहा घेतला, असं सांगणारा माणूस मला कुणी आणून दाखवावा. मी त्याच्या पाया पडेन. सही झाली, दारापुढं फोटो काढून झाला, फॉर्म पिशवीत गेला, की मग मात्र त्या आपण होऊन म्हणायच्या, "हां, आता ठेवा चहा. साखर बराबर टाका, कंजूषी नको." सहीच्या आधीचा चहा म्हणजे लाच आणि नंतरचा म्हणजे पाहुणचार, असा त्यांचा स्वतःचा कायदा होता. मी एकदा वैतागून म्हटलं, "सिस्टर, चहा तो चहाच ना?" तर म्हणाल्या, "आधी पेला की लिहिताना हात ढिला पडतो बाई."

आमचं काम नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना अजून कळलेलं नाही. त्या शेजारणींना सांगतात, "आमची अर्चना लोकांच्या चौकश्या करते." ऐकणारीला वाटतं, मी एक तर पोलिसात आहे, नाहीतर मला घरात काही काम नाही. खरं असं, की आपल्याकडच्या पोराला किंवा पोरीला पुण्याच्या नाहीतर हैदराबादच्या कंपनीत नोकरी लागली, की कंपनी आधी खात्री करून घेते. दिलेला पत्ता खरा आहे का, आधीची नोकरी खरंच केली होती का, सर्टिफिकेट खरं आहे का. हे काम कंपनी एका मोठ्या एजन्सीला देते आणि ती एजन्सी हिंगोली जिल्ह्यापुरतं आम्हाला. बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. मी कॉम्प्युटरवर रिपोर्ट लिहायची आणि गावोगाव फिरायच्या पाईकराव सिस्टर.

त्या आरोग्य खात्यातून नर्स म्हणून रिटायर झाल्या होत्या. सगळी नोकरी सेनगाव आणि कळमनुरीच्या खेड्यांत. घरी बसून जीव रमेना, म्हणून एक दिवस आमच्या मालकांपुढं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला ह्या भागातली दारं ठावं हायत. काम असंल तर सांगा." मालक जरा कचरले, बाई साठीच्या, हडकुळ्या, ह्या काय फिरणार? पण दुसऱ्याच दिवशी सिस्टर फिकट निळी साडी, पायात शाळेतल्या लेकरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी अशा अवतारात हजर. एसटी नसेल तर काळीपिवळी जीप, जीप नसेल तर पायी. महिनाभरात मालकांनी त्यांच्या वयाचा विषय काढायचं सोडून दिलं.

त्यांच्याबरोबर गावात जाण्यात मोठी मजा होती. आख्ख्या गावाला त्यांनी सुया टोचलेल्या. त्या जीपमधून उतरल्या की पारावरचे चांगले मिशा फुटलेले बाप्ये दंडावरून हात फिरवायचे. एकदा तर एक तलाठीभाऊ, दोन लेकरांचा बाप, मला म्हणाला, "मॅडम, आज इंजेक्शन तर न्हाई ना?" आणि हसता हसता खरंच दोन पावलं मागं सरकला.

माणसं ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्याकडच्या निम्म्या लोकांचा जन्म कागदावर एक जूनचा, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी सोयीची वाटली ती तारीख टाकली. सिस्टरांना मात्र खऱ्या तारखा माहीत. फॉर्मवरची तारीख वाचून त्या गालात हसायच्या. "हे पोरगं पोळ्याच्या दिवशी झालं. बैलं सजवायची सोडून बाप माझ्या मागं धावत होता." मी विचारायची, "मग रिपोर्टात काय लिहू?" त्या म्हणायच्या, "एजन्सीनं काय विचारलं? दाखल्यावरची तारीख आधारशी जुळती का. जुळती. मंग जुळती लिही. पोळा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

हे त्यांचं ठरलेलं होतं. विचारलं तेवढंच. नोकरी लागलेला उमेदवार कंपनीच्या वेबसाइटवर एका संमतीपत्रावर टिचकी मारतो. ते कुणीही वाचत नाही, मीसुद्धा कधी वाचलं नव्हतं. सिस्टर ते छापून घ्यायच्या आणि उमेदवाराला बसवून आपल्या मराठीत समजावून सांगायच्या. "हे बघ, तू आमाला पत्ता बघायची परवानगी दिली. शेजारच्या एकाला विचारणार, तू इथं ऱ्हातो का. बास. जात न्हाई, शेती न्हाई, लग्न न्हाई. माझ्या नावावर कुणी ज्यादा विचारलं तर मला फोन कर." पोरं माना डोलवायची. एजन्सीला रिपोर्ट तीन दिवसांत हवा असायचा आणि ह्या बाई एकेका दारात अर्धा अर्धा तास कायदा शिकवत बसायच्या. माझा जीव खालीवर व्हायचा. आता लोकांची खासगी माहिती जपायच्या कायद्यावर आम्हाला ऑनलाइन ट्रेनिंग देतात, तेव्हा मी मनातल्या मनात म्हणते, हे आम्हाला कॅनव्हासच्या बुटांनी कधीच शिकवलंय.

काही घरांत 'पाईकराव' हे आडनाव ऐकल्यावर पाण्याचा तांब्या यायला वेळ लागायचा. कधी यायचाच नाही. माझे वडील देवळातले पुजारी, माझ्यापुढं पाणी लगेच यायचं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अशाच एका घरातून बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच तडतडले, "ह्यांच्या पोराचा रिपोर्ट लटकवून ठेवते बघा चार दिवस!" सिस्टर थांबल्या. "काहून? पत्ता तर बराबर हाय. फॉर्मात पाण्याचा रकाना हाय का?" त्या पोराचा रिपोर्ट त्यांनी त्याच संध्याकाळी माझ्यापुढं बसून पुरा करून घेतला. मी चडफडत टाइप केला.

आखाडा बाळापूरकडचा किस्सा तर मी अजून लग्नाकार्यात सांगते. एका इंजिनियर पोराचा पत्ता बघायला आम्ही गेलो. आता आपल्याकडं अनोळखी बाई गल्लीत येऊन "अमक्यांचा मुलगा इथंच राहतो का" असं विचारते, ती कशाला? सोयरीक घेऊन! दुसरं काही कुणाच्या डोक्यात येतच नाही. शेजारच्या आजोबांनी न विचारता सुरू केलं, "पोरगं सोनं हाय. सुपारीचं खांड तोंडात घालत न्हाई." पोराच्या आईनं पोहे टाकले. चुलते सातबारा घेऊन आले. समोरच्या घरातल्या काकू हळूच मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमचा बी एक हाय. त्याच्यापेक्षा उंच." सिस्टर ओट्यावर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "ओ, मी पोरगी घेऊन न्हाई आले! नोकरी बी मी देत न्हाई! हा हितं ऱ्हातो का न्हाई, एवढंच बोला!"  मग आजोबा म्हणाले, "ऱ्हातो की. पण पोरीकडच्यांना सांगा, निर्व्यसनी हाय." पुढं कितीतरी दिवस त्या पोराची आई मला फोन करायची, "काय म्हणली पार्टी?"

पण त्या नुसत्या मायाळू होत्या असं कुणी समजू नये. वसमतला हळदीच्या एका आडत दुकानाचं अनुभवपत्र आलं होतं, पोरानं तीन वर्षं हिशोबनीस म्हणून काम केलं असं. सिस्टरांनी दुकानात जाऊन विचारलं, तर शेटजी हसून म्हणाले, "लेकराचं भलं होऊन राहिलं, तुमाला काय तकलीफ?" खरं म्हणजे पोरानं एक हंगाम काट्यावर पोती मोजली होती. त्या पोराची आजी सिस्टरांच्या ओळखीची. आजीबाई ऑफिसात येऊन रडली. सिस्टरांनी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, बसस्टँडपर्यंत सोडून आल्या आणि रिपोर्टात लिहायला लावलं, "अनुभव पत्राप्रमाणे आढळला नाही." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

आता वैशालीचं सांगते. त्यात माझी चूक आहे, म्हणून सांगायला जीभ जड होते.

वैशाली सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. हैदराबादच्या औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत निवड झालेली. तिच्या गावातून एवढ्या लांब नोकरीला निघालेली ती पहिलीच मुलगी. पत्ता बघून सिस्टर परत आल्या, सगळं बरोबर, मी रिपोर्ट पाठवला. दोन दिवसांनी पुण्याहून एजन्सीच्या मॅडमचा फोन. "अर्चना, कंपनीला कुणीतरी निनावी फोन केलाय. त्या मुलीला फिट येते म्हणे. तुमच्या फील्डवाल्या बाई त्याच भागात नर्स होत्या ना? त्यांना जरा विचार. हो की नाही, एवढंच. लेखी काही नको."

सिस्टर खिडकीजवळ बसून ज्वारीची भाकरी खात होत्या. मी विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला.

"फॉर्म दाखव."

"कुठला?"

"वैशालीचा. कोणत्या रकान्यात लिहायचं ते बोट ठेवून दाखव."

मी फॉर्म वरपासून खालपर्यंत पाहिला.

"न्हाई ना? मंग त्या बाईला सांग, फॉर्मात न्हाई ते आमी विचारत बी न्हाई आन् सांगत बी न्हाई. कुणाचंच न्हाई. एवढंच सांग, याच्यावर एक शब्द न्हाई."

आणि मी शहाणी! मी मॅडमना फोन लावला आणि म्हटलं, "मॅडम, सिस्टरांना विचारलं हो मी, पण त्या काही सांगायलाच तयार नाहीत." पलीकडून "अच्छा, समजलं" एवढं आलं आणि फोन बंद. मला वाटलं, सुटले.

चौथ्या दिवशी ईमेल आला. वैशालीची नेमणूक पुढील आदेशापर्यंत थांबवली आहे. सिस्टरांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"तू काय बोललीस त्यांना?"

"तुम्ही सांगितलं तेच. तुम्ही काही सांगत नाही म्हणून."

त्यांनी चष्मा काढला. "अगं, मी गप ऱ्हायले, ते तू बोंबलून आलीस. काही नसतं तर बाई न्हाई म्हणली असती, असंच समजले ना ते?"

 खरंच की! त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "उद्या सकाळच्या सेनगाव गाडीनं चल. तिचं हाय ते, तिला आपल्या तोंडून कळलं पाहिजे."

एसटीत त्यांनी माझंही तिकीट काढलं आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. वैशालीच्या अंगणात तिची आई तूर पाखडत होती. वैशाली बॅग भरून बसलेली, कपडे इस्त्री करून वर ठेवलेले. सिस्टर खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "अर्चना, सांग."

मी सांगितलं. सगळं. फोन कुणाचा आला, मी काय विचारलं, मी काय बोलून बसले. आईच्या हातातलं सूप थांबलं. "पुन्हा तेच का ओ बाई," ती म्हणाली, "याच बोभाट्यापायी लेकीची एक सोयरीक मोडली. आता नोकरी बी?" आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. वैशाली रडली नाही. ती उठून माझ्यासमोर आली.

"तुमी कोण ओ माझं विचारणाऱ्या?"

 मी म्हटलं, "चुकलं माझं." इतक्या वर्षांत शेकडो लोकांच्या फाइली मी हातावेगळ्या केल्या होत्या, आम्ही त्यांना 'केस' म्हणायचो. केसची माफी मागायची वेळ पहिल्यांदाच आली.

वैशाली सिस्टरांकडं वळली. "सिस्टर, मी काय करू? गप बसू का बोलू?"

"ते मी सांगणार न्हाई, पोरी. कागद काय म्हणतो ते सांगते." सिस्टरांनी पिशवीतून ते संमतीपत्र काढलं. "हे तू दिलंस पत्त्यापुरतं. याच्यात तुझ्या तब्येतीचं अक्षर न्हाई. त्यांना विचारायचं असंल तर तुला विचारायचं, डॉक्टरापुढं, जी तपासणी सगळ्यांची होते तिच्यात. असं मागल्या दारानं न्हाई."

वैशालीनं कागद हातात घेऊन पहिल्यांदाच नीट वाचला. बराच वेळ वाचला. मग म्हणाली, "मंग मी पुढल्या दारानं जाते. मलाच विचारा म्हणून लिहिते त्यांना." खरं काय नि खोटं काय, मी तिला विचारलं नाही. तेवढी अक्कल तोवर आली होती.

तिनं तिथंच बसून अर्ज लिहिला. ऑफिसात येऊन मी आमचं पत्र लिहिलं. सदर माहिती उमेदवाराच्या संमतीविना आणि कामाच्या मर्यादेबाहेर जाऊन विचारली गेली, ती कोणत्याही नोंदीत ठेवू नये, चूक आमच्या कार्यालयाची आहे. मालकांनी पत्र वाचलं आणि त्यांना घामच फुटला. "अर्चना, एजन्सी काम बंद करेल आपलं! चूक कबूल करायची काय हौस आहे?" सिस्टर दारात उभ्या होत्या. "साहेब, हे पत्र गेलं न्हाई तर उद्यापासून मी बी येत न्हाई." मालकांनी आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "मी पण." कुठून बळ आलं देव जाणे. मालक पुटपुटत सही करून मोकळे झाले.

ते आठ-दहा दिवस फार वाईट गेले. एजन्सीकडून नवं काम एकही नाही. मी सारखा ईमेल उघडायची. सिस्टर मात्र रोज वेळेवर यायच्या, खिडकीत बसायच्या, जुन्या फाइलींना दोरे बांधायच्या. मी म्हटलं, "सिस्टर, नाही झालं तर?" त्या म्हणाल्या, "तर माझ्या बी जिवाला लागंल. पण तिला तोंड दाखवता येईल."

मग एजन्सीच्या वकिलाचं पत्र आलं, चार ओळींचं. आमचं म्हणणं योग्य आहे, ती माहिती काढून टाकली आहे, उमेदवाराला नेहमीच्या वैद्यकीय तपासणीला बोलावलं आहे, आणि यापुढं फोनवर असं काही विचारलं जाणार नाही. वैशाली वडिलांना घेऊन हैदराबादला गेली. पुढच्या आठवड्यात ऑफिसच्या फोनवर तिचा आवाज, "मॅडम, मी जॉइन झाले. सिस्टरांना सांगा." मी ओरडतच सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "ब्येस झालं," आणि मग माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली की मी खुर्चीतून पडता पडता वाचले. तपासणीत डॉक्टरांना वैशालीनं काय सांगितलं, हे सिस्टरांनी तिला कधी विचारलं नाही, आणि मीही त्यांना विचारलं नाही. काम पुन्हा सुरू झालं. पुण्याच्या त्या मॅडम माझ्याशी आता जरा जपून बोलतात, ते चांगलंच आहे.

पुढं सिस्टरांचे गुडघे बोलायला लागले. त्या काम सोडून लेकीकडं परभणीला गेल्या. त्यांच्या जागी आता एक पोरगा मोटारसायकलवर फिरतो, दिवसाला सहा पत्ते करतो. हुशार आहे. संमतीपत्र मी त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घेते, तेव्हा तो तोंड वाकडं करतो.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वैशालीच्या लग्नात, सेनगावच्या मंगल कार्यालयात. भरदुपार, पंगत बसलेली, माझ्या शेजारी सिस्टर, अंगावर ठेवणीतली साडी आणि खाली तेच बूट. नवरानवरी पंगतीत आग्रह करत फिरत होते, बरोबर वैशालीच्या सासूबाई. आमच्यापाशी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ह्या कोण गं?"

सिस्टर घाईनं म्हणाल्या, "मी हिकडचीच. एकदा पत्ता बघायला आल्ते यांच्या घरी."

वैशाली हसली. हातातलं लाडवांचं ताट नवऱ्याच्या हातात देऊन ती सिस्टरांच्या शेजारी खालीच बसली. "आई, मी तुमाला सांगितलं होतं ना, लहानपणी मला फिट यायची? त्या गोळ्या देणाऱ्या सिस्टर ह्याच."

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या आणि त्याही पदर सावरून खाली बसल्या. "लई त्रास होता का ओ हिला?"

सिस्टरांनी आधी वैशालीकडं पाहिलं. वैशालीनं मान डोलवली.

"व्हय," सिस्टर म्हणाल्या.  "लई होता. चार वर्षं दर सोमवारी ही पोरगी दोन कोस चालत माझ्याकडं गोळ्या घ्यायला यायची. पुरातून बी आली एकदा, फ्रॉक डोक्याला गुंडाळून. एक सोमवार चुकवला न्हाई तिनं. एक बी न्हाई. मी तवाच म्हणले होते, ही पोरगी पार होणार." आणि मग त्या बोलतच राहिल्या, डोळे पुशीत, हसत, पानातला भात गार होईपर्यंत.